ब्रेस्ट सर्जरीचा विचार डोक्यात आलाय? मग अपॉइंटमेंट घ्यायच्या आधी हे करून बघा

आधी एक किस्सा सांगते, मग कामाचं बोलू. सिलिकॉन जेलचं पहिलं ब्रेस्ट इम्प्लांट, म्हणजे छाती भरीव करायला आत बसवायची पिशवी, १९६२ साली टेक्सासमधल्या ह्यूस्टनला एका बाईला बसवलं गेलं, थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो या दोन सर्जननी. आता गंमत बघा, ती बाई छाती मोठी करून घ्यायला गेलीच नव्हती, ती गेली होती छातीवरचा टॅटू काढायला. डॉक्टरांनी विचारलं की असं असं नवीन काहीतरी आहे, करून बघायचं का, तर ती म्हणाली माझे कान बाहेर आलेत तेही नीट करून देणार असाल तर चालेल. म्हणजे बाईला खुपत होते कान, आणि इतिहासात नाव झालं छातीसाठी.

मला हा किस्सा फार आवडतो कारण आजही बरेचदा हेच होतं, बाई एक दुखणं घेऊन जाते आणि भलत्याच उपायाचं कोटेशन घेऊन बाहेर पडते. मी पण त्याच वाटेवर होते. मुलीला अंगावर पाजणं बंद केलं आणि वर्षभराने आरशात बघितलं तर सगळं रिकाम्या पिशवीसारखं वाटायला लागलं, मग काय, रात्री मोबाईलवर फोटो बघत बसायचे आणि इम्प्लांट करायचंच असं ठरवून टाकलं. पहिल्या सर्जनने पंधरा मिनिटात साईज सांगितला. दुसऱ्या सर्जन बाईंनी मोजमाप घेतलं, हात लावून बघितलं आणि म्हणाल्या, तुमच्यात कमी काहीच नाहीये, खाली आलंय एवढंच, त्यात अजून वजन घातलं तर पाच-सात वर्षांत अजून खाली येईल. मी गप्प. कारण हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. माझी मावसबहीण याच्या बरोब्बर उलट, तिने रिडक्शन म्हणजे छाती लहान करायची सर्जरी करून घेतली आणि आजही म्हणते की दहा वर्षं आधी का नाही केलं. तेव्हा मी सर्जरीच्या विरोधात वगैरे नाहीये, फक्त घाईच्या विरोधात आहे.

पायरी १. नक्की काय खुपतंय ते एका वाक्यात लिहा

"मला छान दिसायचंय" हे चालणार नाही. ते वाक्य असं पाहिजे की दुसऱ्या माणसाला वाचून कळलं पाहिजे. "डावा उजव्यापेक्षा एवढा लहान आहे की प्रत्येक कपड्यात पॅड घालावं लागतं" हे चालेल. "ब्राचे पट्टे खांद्यात रुततात, मान दुखते, खाली घामाने पुरळ येतं" हे चालेल. "वजन उतरल्यावर सगळं लोंबतंय" चालेल. "मुळात सपाटच आहे आणि मला थोडी भरीव हवीये, बाकी आयुष्यात काही तक्रार नाही" हे तर एकदम स्वच्छ वाक्य आहे, यात लाजण्यासारखं काही नाही.

वाक्य लिहिताना एक माहिती असू द्या, दोन्ही बाजू सारख्या नसणं हे बहुतेक सगळ्या बायकांत असतं, थोडाफार फरक म्हणजे आजार नाही. आणि ब्राचा साईज चुकीचा असेल तर बऱ्याच तक्रारी तिथूनच येतात, त्यामुळे एकदा नीट मोजून घेऊन योग्य ब्रा घालून महिनाभर राहा आणि मग परत तेच वाक्य वाचा. तेल, क्रीम, मसाज, गोळ्या यांनी छाती वाढत नाही. व्यायामाने खालचा स्नायू भरतो, वरचा स्तन तेवढाच राहतो. तो मार्ग ट्राय करण्यात वर्ष घालवू नका.

पायरी २. ही कल्पना कोणाची आहे

हा भाग अवघड आहे आणि इथे लोक पटकन पुढे सरकतात. स्वतःला विचारा की हा विचार पहिल्यांदा कधी आला. शाळा-कॉलेजपासून आहे आणि वर्षानुवर्षं तसाच आहे, तर तो तुमचा. नवऱ्याने किंवा बॉयफ्रेंडने काहीतरी कमेंट मारली त्यानंतर सुरू झाला, ब्रेकअप झाल्यावर, घटस्फोट चालू असताना, नोकरी गेल्यावर, कोणीतरी जवळचं गेल्यावर सुरू झाला, तर किमान सहा महिने तारीख घेऊ नका. सर्जरी चुकीची आहे म्हणून नाही हो, त्या काळात आपण आपले नसतो म्हणून.

अजून एक टेस्ट मी केली ती सांगते. समजा सर्जरी झाली, रिझल्ट उत्तम आला, आणि कोणालाच कळलं नाही, नवऱ्याने मान वर करून बघितलं नाही, मैत्रिणी काही बोलल्या नाहीत, कुठे फोटो टाकला नाही. तरी करायचीये का? उत्तर पटकन "हो" आलं तर पुढे जा. मी जरा अडखळले होते, खरं सांगते.

आणि दिवसातून तासभर किंवा जास्त वेळ याच विचारात जात असेल, आरसे टाळत असाल नाहीतर सारखे आरशात बघत असाल, बाहेर जाणं बंद केलं असेल, बाकीच्यांना मात्र काहीच दिसत नसेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. याला बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात आणि त्यात सर्जरीने सहसा समाधान होत नाही, एक नीट झालं की डोकं दुसरा अवयव शोधतं. चांगला सर्जन स्वतःच हे प्रश्न विचारतो, राग मानू नका.

पायरी ३. तुमच्या वाक्याला कुठली सर्जरी लागू होते ते बघा

कमी आहे ते वाढवायचंय, तर इम्प्लांट किंवा स्वतःची चरबी. खाली आलंय ते वर घ्यायचंय, तर लिफ्ट. जास्त आहे ते कमी करायचंय, तर रिडक्शन. हे तीन वेगळे प्रकार आहेत आणि यांची सरमिसळ झाली की निराशा ठरलेली. इम्प्लांटने ओघळलेली छाती वर येत नाही, फार थोडं ओघळलं असेल तर भरल्यासारखी दिसते एवढंच. लिफ्टने आकार बदलतो, माल तेवढाच राहतो, उलट ब्रामध्ये थोडं कमीच भरल्यासारखं वाटू शकतं. काही जणींना दोन्ही लागतं आणि ते एकत्र करायचं की दोन टप्प्यात यावर सर्जन लोकांचंच एकमत नसतं, विचारून घ्या.

घरी पटकन बघायचं असेल तर स्तनाच्या खाली जिथे घडी पडते तिथे एक पेन्सिल आडवी धरा आणि आरशात बघा, निप्पल त्या रेषेच्या वर आहे, बरोबर रेषेवर आहे की खाली गेलंय. रेषेच्या खाली गेलं असेल तर लिफ्टबद्दल बोलणं आलंच, फक्त इम्प्लांट विकणाऱ्याला चार प्रश्न जास्त विचारा.

चरबीचं म्हणाल तर पोटाची किंवा मांडीची चरबी काढून छातीत टाकतात, बाहेरची वस्तू नाही हा मोठा फायदा, पण टाकलेल्यातली बरीचशी शरीर शोषून घेतं, वाढ मर्यादित होते, कधीकधी दोनदा करावं लागतं, आणि काही चरबी मेली तर गाठी किंवा कॅल्शियमचे ठिपके तयार होतात जे पुढे मॅमोग्राफीत म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत दिसतात. दोन साईज मोठं करायचं स्वप्न असेल तर हे तुमच्यासाठी नाही.

रिडक्शनबद्दल एवढंच सांगते की पाठ, मान, खांदे दुखणाऱ्या बायकांना यात खरोखर आराम पडतो आणि समाधानी बायकांचं प्रमाण खूप चांगलं आहे. बदल्यात व्रण मिळतात, निप्पलभोवती गोल, तिथून खाली उभा, आणि बरेचदा घडीत आडवा, जहाजाच्या नांगरासारखा. निप्पलची संवेदना कमी होऊ शकते, पुढे अंगावर पाजायला दूध कमी पडू शकतं. काढलेला भाग तपासणीला पाठवतात ना ते विचारून घ्या, पाठवलाच पाहिजे.

पायरी ४. थांबण्याची कारणं आधी तपासा

येत्या दोन-तीन वर्षांत मूल हवंय? थांबा. गरोदरपणात आणि पाजताना स्तन एवढे बदलतात की आत्ता केलेलं काम वाया जाऊ शकतं, विशेषतः लिफ्ट. आत्ताच पाजणं बंद केलंय? तरी किमान तीन ते सहा महिने जाऊ द्या, आकार बसतो तोपर्यंत. वजन कमी करायचं चाललंय? आधी ते करा, काही महिने एका जागी राहू द्या, मग या. वय कमी आहे? अमेरिकेत एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय वस्तूंना मंजुरी देणारी सरकारी संस्था) सौंदर्यासाठीच्या सलाईन म्हणजे मिठाचं पाणी भरलेल्या इम्प्लांटला १८ आणि सिलिकॉनला २२ वर्षांची खालची मर्यादा ठेवलीये, आणि त्यामागचं एक कारण साधं आहे की तोपर्यंत शरीर वाढतच असतं.

सिगरेट, व्हेप, निकोटीनची च्युइंग गम, पॅच, तंबाखू, सगळं एकच. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, टाक्यांना आणि निप्पलला रक्त पोचत नाही, लिफ्ट किंवा रिडक्शनमध्ये निप्पलची कातडी काळी पडून मरू शकते. सर्जरीच्या आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे बंद, आणि खोटं बोलू नका, सर्जन टेस्ट करतात. इथे लाजून काही उपयोग नाही, त्रास आपल्यालाच.

घरात आईला, मावशीला, बहिणीला स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर ते पहिल्या भेटीतच सांगा. चाळिशी ओलांडली असेल तर सर्जरीच्या आधी एक मॅमोग्राफी करून ठेवा, नंतर तुलनेला लागते.

पायरी ५. इम्प्लांटचा पूर्ण संसार समजून घ्या

इथे जरा जास्त वेळ थांबते कारण बहुतेक जणी इम्प्लांटच्याच विचारात असतात आणि बहुतेक सेंटरवर हाच भाग सगळ्यात घाईत सांगतात.

पहिली गोष्ट, इम्प्लांट आयुष्यभराचं नसतं. हे मी नाही म्हणत, २०२१ मध्ये एफडीएने इम्प्लांटच्या माहितीपत्रकात ठळक चौकटीत हा इशारा छापायला लावला, आणि सर्जरीच्या आधी पेशंटबरोबर एकेक मुद्दा वाचून सही घ्यायची चेकलिस्ट सक्तीची केली. त्याच एफडीएचं म्हणणं आहे की सौंदर्यासाठी इम्प्लांट केलेल्या बायकांपैकी पाचातल्या एकीला आठ ते दहा वर्षांत ते काढावं लागतं. तेव्हा तिशीत करताय म्हणजे एक ऑपरेशन नाही, पुढे दुसरं आणि कदाचित तिसरंही आलं, आणि ते सगळं धरून "हो" म्हणायचं. माझ्या मते सगळ्या निर्णयाचा गाभा हाच आहे, पहिल्या ऑपरेशनची हौस असतेच, पण पंचेचाळीसाव्या वर्षी मुलांच्या परीक्षा आणि आईबापांची दुखणी चालू असताना दुसरं करायची तयारी आहे का.

कशामुळे काढावं लागतं? सगळ्यात नेहमीचं कारण कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर. शरीर कुठल्याही बाहेरच्या वस्तूभोवती एक पातळ आवरण तयार करतं, ते नॉर्मल आहे, पण काहींच्यात ते आवरण आवळत जातं आणि स्तन कडक होतो, वेडावाकडा दिसतो, दुखतो. डॉक्टर याला बेकर ग्रेड म्हणून १ ते ४ असे नंबर देतात, ३ आणि ४ ला बहुतेक वेळा परत ऑपरेशन. का होतं, कोणाला होईल, हे आधी खात्रीने सांगता येत नाही.

दुसरं फुटणं. सलाईनचं फुटलं तर एकदोन दिवसात ती बाजू बसते, लगेच कळतं, मिठाचं पाणी शरीर शोषून घेतं. सिलिकॉन जेल घट्ट असतं, फुटलं तरी बरेचदा जागच्या जागी राहतं आणि बाहेरून काहीच कळत नाही, म्हणून त्याला सायलेंट रप्चर म्हणतात. त्यासाठी काहीही त्रास नसला तरी पाच-सहा वर्षांनी एक अल्ट्रासाउंड किंवा एमआरआय आणि मग दर दोन-तीन वर्षांनी, असा एफडीएचा सल्ला आहे. हा खर्च कोणी कोटेशनमध्ये लिहीत नाही.

तिसरं, नावावर लक्ष ठेवा, बीआयए-एएलसीएल. हा स्तनाचा कॅन्सर नाही, इम्प्लांटभोवतीच्या आवरणात होणारा लिम्फोमा म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर आहे, दुर्मिळ आहे, पण आहे. मुख्यतः खरखरीत पृष्ठभागाच्या म्हणजे टेक्स्चर्ड इम्प्लांटशी जोडला गेलाय. जुलै २०१९ मध्ये ॲलरगन कंपनीने याच कारणासाठी आपली बायोसेल टेक्स्चर्ड इम्प्लांट जगभरातून परत मागवली. लक्षण साधारण असं की सर्जरी होऊन वर्षं उलटल्यावर अचानक एक बाजू सुजते, आत पाणी साठतं. तसं झालं तर "पडले असेन कुठेतरी" म्हणत घरी बसू नका, त्या पाण्याची तपासणी करून घ्या. लवकर सापडलं तर इम्प्लांट आणि आवरण दोन्ही काढून बहुतेक जणी बऱ्या होतात. सर्जनला सरळ विचारा, गुळगुळीत बसवणार की टेक्स्चर्ड, आणि टेक्स्चर्ड म्हणाला तर का.

चौथं, थकवा, सांधे दुखणं, डोकं जड, केस गळणं, अशी लक्षणं इम्प्लांटनंतर आल्याचं बऱ्याच बायका सांगतात, त्याला ब्रेस्ट इम्प्लांट इलनेस असं नाव पडलंय. याची अशी एक टेस्ट नाहीये की केली आणि कळलं. काढल्यावर बरं वाटलेल्या बायका आहेत, न वाटलेल्या पण आहेत. कोणी सर्जन हसून उडवून लावत असेल तर दुसरा बघा, आणि कोणी इंटरनेटवर प्रत्येक दुखण्याचं खापर इम्प्लांटवर फोडत असेल तर तेही लगेच खरं धरू नका. आधीपासून ऑटोइम्यून आजार (ज्यात प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते) असेल तर मात्र हे बोलणं पहिल्याच भेटीत झालं पाहिजे.

आणि हो, आत काय भरलंय हे पण. फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीने इम्प्लांटमध्ये मेडिकलच्या ऐवजी कारखान्यात वापरायचं स्वस्त सिलिकॉन भरलं, २०१० मध्ये ती बाजारातून काढली, आणि मालक जाँ-क्लोद मास याला २०१३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. तोपर्यंत जगभरात लाखो बायकांच्या अंगात ती होती आणि कितीतरी जणींना आपल्या आत कुठल्या कंपनीचं आहे हेच माहिती नव्हतं. म्हणून इम्प्लांट कार्ड. कंपनी, मॉडेल, साईज, लॉट नंबर, सिरियल नंबर, सगळं लिहिलेलं कार्ड मिळतं ते घ्यायचं, फोटो काढायचा, घरातल्या एका माणसाला पाठवून ठेवायचा.

मॅमोग्राफी नंतरही करता येते, फक्त टेक्निशियनला आधी सांगायचं, ते इम्प्लांट मागे सरकवून जास्तीचे फोटो घेतात. अंगावर पाजणं बहुतेकींना जमतं, निप्पलच्या कडेने चीर दिली असेल तर अडचणीची शक्यता जास्त, घडीतून दिली तर कमी.

पायरी ६. वजन अंगावर घेऊन बघा

इम्प्लांट कप साईजमध्ये येत नाही, सीसीमध्ये (१ सीसी म्हणजे १ मिली) येतं, आणि कप प्रत्येक ब्रा कंपनीचा वेगळा असतो त्यामुळे "मला सी कप द्या" याला काही अर्थ नाही. घरच्या घरी असं करा, दोन जाड झिपच्या पिशव्या घ्या, प्रत्येकीत ३०० मिली पाणी मोजून भरा, हवा काढा, नीट बंद करा (दोन पिशव्या एकात एक घाला, माझी एक ऑफिसमध्ये गळली होती, पुढचं विचारू नका), आणि स्पोर्ट्स ब्रामध्ये घालून दिवसभर वावरा. जिने चढा, पोरं उचला, पालथं झोपून बघा. ३०० सीसीचं इम्प्लांट जवळपास ३०० ग्रॅमचं असतं, दोन मिळून ६०० ग्रॅम, आणि हे संध्याकाळी काढून ठेवता येत नाही. मग २०० ने करा, मग ३५० ने, आणि कुठला आकडा अंगाला बरा वाटला ते लिहून ठेवा. सर्जन शेवटी तुमच्या छातीच्या रुंदीवरून आणि कातडीच्या जाडीवरून ठरवेल कारण रुंदीपेक्षा मोठं बसवलं की कडा दिसतात, पण तुमच्याकडे तुमचा आकडा असला की बोलणं बरोबरीचं होतं.

स्नायूच्या वर की खाली, हा दुसरा प्रश्न. खाली ठेवलं तर वरची कड कमी दिसते, विशेषतः बारीक बायकांत, पण हात जोरात दाबताना छाती विचित्र हलते आणि सुरुवातीचं दुखणं जास्त. वजनं उचलणाऱ्या, पोहणाऱ्या, चढाई करणाऱ्या बायकांनी हे आवर्जून बोलावं.

पायरी ७. किमान दोन सर्जन, आणि प्रश्न कागदावर

"कॉस्मेटिक सर्जन" ही पाटी बऱ्याच देशांत कुठलाही डॉक्टर लावू शकतो. प्लास्टिक सर्जरीचं रीतसर शिक्षण आहे का आणि तुमच्या इथल्या मेडिकल कौन्सिलच्या यादीत नाव आहे का, हे आधी बघा. मग विचारा, वर्षाला अशा किती करता, परत ऑपरेशन किती जणींना लागलं, भूल कोण देणार, अतिदक्षतेची गरज पडली तर सोय कुठे आहे, रात्री दोन वाजता त्रास झाला तर फोन कोण उचलणार. फोटो बघायला मागा, तुमच्यासारख्या अंगकाठीच्या बायकांचे, आणि एक वर्षानंतरचे, तीन आठवड्यांचे नकोत. एखादा बिघडलेला रिझल्ट दाखवा म्हणून सांगा. दाखवणारा सर्जन मला जास्त आवडतो.

सही करायची घाई कोणी केली, "आज बुक केलं तर डिस्काउंट" म्हणाला, किंवा तुम्ही न विचारलेल्या दुसऱ्याच अवयवाची यादी काढली, तर उठा आणि चालू लागा. फ्रान्समध्ये कोटेशन हातात पडल्यापासून ऑपरेशनपर्यंत किमान १५ दिवस जाऊ द्यायचा कायदाच आहे. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून आधी नेहमीच्या डॉक्टरची चिठ्ठी लागते, दोन भेटी व्हाव्या लागतात आणि मग सात दिवस थांबावं लागतं. तुमच्या इथे असा नियम असो नसो, स्वतःपुरता करून टाका.

पायरी ८. पैसे आणि माणसं

सौंदर्यासाठीच्या सर्जरीला विमा सहसा पैसे देत नाही, रिडक्शनला कधीकधी देतो पण पाठदुखीची कागदपत्रं आधीपासून जमवलेली लागतात. सर्जन, भूल, हॉस्पिटल, इम्प्लांट, ब्रा, औषधं, पुढचे स्कॅन असं सगळं वेगवेगळं लिहून मागा. काही बिघडलं तर परत ऑपरेशनचे पैसे कोणाचे हेही लेखी. इम्प्लांटची वॉरंटी म्हणजे बहुतेक वेळा वस्तू बदलून देणार, बाकी खर्च सगळा किंवा बराचसा तुमचा. कर्ज काढून करणार असाल तर दुसऱ्या ऑपरेशनलाही कर्जच काढणार का, एवढं विचारा स्वतःला.

पायरी ९. बरं व्हायचं कॅलेंडर आधी मांडा

बसून करायचं काम असेल तर साधारण आठवड्याने जाता येतं. जड उचलणं, पळणं, जिम चार ते सहा आठवडे बंद, आणि जड मध्ये लहान मूल येतं. हे बायका विसरतात. दोन वर्षांचं पोर "आई उचल" म्हणून हात वर करून उभं राहणार आणि तुम्ही उचलायचं नाही, मग कोण उचलणार त्याचं नाव आत्ता लिहा. पहिले काही दिवस केस धुणं, वरच्या कपाटातलं काढणं, गाडी चालवणं नाही. पाठीवर झोपायची सवय आधीपासून करा. इम्प्लांट सुरुवातीला वर आणि टणक बसल्यासारखं दिसतं, खाली उतरून मऊ व्हायला तीन ते सहा महिने लागतात, त्यामुळे तिसऱ्या दिवशी आरशात बघून रडू येणं हे इतकं कॉमन आहे की मैत्रिणीला आधीच सांगून ठेवा, त्या दिवशी फोन कर म्हणून. व्रण फिके व्हायला वर्ष-दीड वर्ष.

एक बाजू अचानक फुगून ताणली, दुखणं गोळीला दाद देईना, ताप, पू, निप्पलचा रंग काळा-जांभळा, पोटरी सुजली किंवा धाप लागली, तर सकाळची वाट बघायची नाही.

पायरी १०. तारीख घाला

सगळं वाचून, भेटून झालं की एक कागद घ्या. वरती पायरी १ चं वाक्य. खाली तीन पर्याय, करणार, नाही करणार, आत्ता नाही. खूण करा आणि तारीख घाला, कागद ठेवून द्या, तीन महिने इंटरनेटवरचे फोटो बघणं बंद, सेव्ह केलेले उडवा. तीन महिन्यांनी कागद न बघता परत दुसरा लिहा आणि मग जुळवा. दोन्हीकडे "करणार" असेल तर सर्जनला फोन लावा, मनात किंतु नको. जुळलं नाही तर अजून तीन महिने.

माझ्या मावसबहिणीचे दोन्ही कागद जुळले, तिने केलं. माझ्या पहिल्या कागदावर "इम्प्लांट करणार" होतं, दुसऱ्यावर "लिफ्ट, पण आत्ता नाही", आणि तिसऱ्यावर मी पर्याय सोडून वरचं वाक्यच बदललं होतं. चौथा कागद पुढच्या मार्चमध्ये लिहायचाय.